मतावरचा भरवसा आणि संत थोमाचा प्रश्न



निवडणूक ग्रामपंचायतीची असो वा विधानसभेची, निकाल लागला की आपल्या लासूर स्टेशनच्या बाजारात आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी येते: "बटण कोणतेही दाबा, मत जायचे तिकडेच जाते." त्यावर दुसरा कोणी लगेच म्हणतो, "हरले की मशीन वाईट, जिंकले की मशीन चांगले!" हशा होतो, चहा संपतो आणि विषयही संपला असे वाटते.

परंतु तो संपत नाही. पहिले वाक्य मनात धरून जो माणूस घरी जातो, त्याच्यापुढे पुढच्या निवडणुकीत कोणी पाचशेची नोट धरली तर तो स्वतःशी म्हणतो, "मताला किंमत उरलीच नाही, तर निदान एवढे तरी पदरात पडू दे." दुसरे वाक्य मनात धरून जो घरी जातो, तो पुढे कोणाचीही शंका ऐकूनच घेत नाही. एकाने मत विकले, दुसऱ्याने कान बंद केले. दोघांच्याही हातून काहीतरी मोलाचे गेले. म्हणून हा प्रश्न केवळ राजकारणाचा नाही, तो नीतीचा आहे, आणि या पानावर त्याचा विचार करणे आम्हांस योग्य वाटते. येथे आम्ही कोणत्याही पक्षाच्या बाजूने वा विरोधात लिहीत नाही. धर्मगुरूने तसे करू नये असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

प्रश्न असा: मतदानाच्या व्यवस्थेवर भरवसा ठेवणे हे आपले कर्तव्य आहे काय? आणि पुरावा मागणे हा त्या भरवशाचा भंग आहे काय?

मारकडवाडीत काय घडले

दूरची उदाहरणे नंतर पाहू. प्रथम आपल्या राज्यातलेच घेऊ. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले व २३ तारखेला निकाल लागले. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस मतदारसंघात मारकडवाडी नावाचे गाव आहे. मतदारसंघातून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तम जानकर निवडून आले. मात्र या एका गावात त्यांना ८४३ मते मिळाली आणि भारतीय जनता पक्षाचे राम सातपुते यांना १००३. जानकरांचे गावातील समर्थक म्हणू लागले, "आमचे गाव असे मत देणारच नाही." म्हणजे तक्रार करणारे येथे हरलेले नव्हते, त्यांचा उमेदवार जिंकला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांनी ठरवले की ३ डिसेंबरला गावातच कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे आणि खरेखोटे पाहायचे. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदीचा आदेश काढला, गावात पोलीस आले. शेवटी गावकऱ्यांनी बेत रद्द केला. पुढे गुन्हेही नोंदवले गेले. नंतरच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे पुढारी गावात आले, दोन्ही बाजूंच्या सभा झाल्या. ज्यांनी सातपुते यांना मत दिले होते, त्या गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: "आम्ही मत दिले म्हणून मते निघाली. आमची मते खोटी कशी?"

या घटनेत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवून घेतल्याशिवाय विचार पुढे जात नाही. पहिला प्रश्न: मोजणी खरी होती की खोटी? हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न: ती खरी आहे हे गावातल्या साध्या माणसाला कळण्याचा मार्ग होता काय? हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर "खरी होती" असे असले, तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो.

रुमालाखालचा भाव

हे आपल्या बाजारपेठेतील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना बाजारातली 'हत्ता' पद्धत आठवत असेल. अडत्या व व्यापारी रुमालाखाली हातात हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असे, पण त्याला काही कळत नसे. पुढे ती पद्धत बंद झाली आणि उघड लिलाव आला. का बरे बंद झाली? रुमालाखाली ठरलेला प्रत्येक भाव खोटा होता म्हणून नव्हे. कित्येक व्यापारी सचोटीचे असतीलच. ती बंद झाली, कारण ज्याचा माल त्याला भाव कसा ठरला हे दिसत नव्हते. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: डोळे मिटून मान डोलावणे, किंवा पुराव्यावाचून चोर म्हणणे. उघड लिलावाने त्याला तिसरी वाट दिली, ती म्हणजे उभे राहून ऐकणे.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी असाच विचार मांडला. तेथे २००५ च्या निवडणुकीत मतदानाची संगणक यंत्रे वापरली होती. कोणी त्यांत फेरफार केल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरीही न्यायालयाने त्या यंत्रांचा वापर घटनेला धरून नव्हता असे ठरवले. न्यायालयाचा मुद्दा असा, की निवडणूक ही सार्वजनिक गोष्ट आहे, आणि मत नोंदवण्याचे व मोजण्याचे महत्त्वाचे टप्पे कोणतेही खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळून पाहता आले पाहिजेत.

आपल्याकडे यंत्र आले ते १९८२ साली, केरळमधील परूर मतदारसंघात, पन्नास केंद्रांवर. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील मतदान रद्द ठरवले, व नंतर कायदा बदलून यंत्राला जागा देण्यात आली. मत कोठे गेले हे मतदाराला दिसावे, या मागणीतून पुढे व्हीव्हीपॅट आले. त्याची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांत मिळून अशा १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कोठेही फरक आढळला नाही, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. कागदी मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र त्याच निकालात दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, ठरलेली फी भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची सोय दिली, आणि दोष आढळल्यास फी परत मिळेल असेही सांगितले.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की "काहीच तपासता येत नाही" हे म्हणणे खरे नाही. यातील प्रत्येक सोय कोणीतरी शंका विचारली म्हणूनच आली, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या दिवशी सर्वांनी "विश्वास ठेवा" हे ऐकून मान डोलावली असती, तर काचेमागची ती चिठ्ठी आज नसती.

थोमाने काय मागितले

कोणी म्हणेल, "फादर, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले आहे. मग पुरावा मागणे हे अविश्वासाचेच लक्षण नाही का?" योहानच्या शुभवर्तमानातील विसावा अध्याय पुन्हा शांतपणे वाचावा अशी आमची विनंती आहे.

आपण थोमाला 'संशयी' म्हणतो, पण तो काय करतो ते पाहा. इतर दहा शिष्यांना प्रभूने आधीच आपले हात व कूस दाखवली होती. थोमा फक्त तेच मागतो जे इतरांना मिळाले. तो "तुम्ही सगळे खोटारडे आहात" असे म्हणत नाही. काय पाहिले म्हणजे आपले समाधान होईल, हे तो आधीच नेमके सांगतो: खिळ्यांचे व्रण आणि कुशीची जखम. तो मंडळी सोडून जात नाही, आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच लोकांबरोबर आहे. आणि मंडळीही त्याला बाहेर काढत नाही. मग प्रभू येतो व थोमाने जे मागितले होते तेच त्याच्यापुढे धरतो. प्रभू त्याला विश्वास ठेवण्यास सांगतो, पण हात मागे घेऊन नव्हे, हात पुढे करून. आणि पुरावा मिळताच थोमा नवी अट घालत नाही. तो ताबडतोब कबुली देतो, आणि शुभवर्तमानातील सर्वांत मोठी कबुली त्याच्याच मुखातून येते.

न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना मिळालेला आशीर्वाद आपल्यासाठी आहे, हे खरे. परंतु आपण ज्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवतो, त्यांनी पाहिले होते. शिवाय तो आशीर्वाद उठलेल्या प्रभूवरील श्रद्धेविषयी आहे, सरकारी कचेरीविषयी नाही. स्तोत्रकर्ता तर राजेलोकांवर भिस्त ठेवू नका असेच बजावतो. आपल्या भाषेतही श्रद्धा आणि भरवसा हे दोन निराळे शब्द आहेत. श्रद्धा देवावर असते. भरवसा माणसावर व त्याच्या कामावर असतो, आणि त्याच्या शेजारी आपल्या लोकांनी तिसरा शब्द ठेवला आहे: खातरजमा. भुईकाट्यावर वजन करून घेतलेली कांद्याची गाडी कोणी दुसऱ्या काट्यावर नेली, तर पहिला काटेवाला प्रामाणिक असेल तर रागावत नाही. उलट वजन जुळले की त्याचेच नाव होते. खातरजमेने भरवसा मरत नाही, तो वाढतो. खातरजमा करू न देण्याने मात्र तो मरतो.

ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याचे कर्तव्य

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की माणसे एकमेकांचे बोलणे खरे मानून चालली नाहीत, तर त्यांना एकत्र राहताच येणार नाही. म्हणून खरे बोलणे हे आपण दुसऱ्याला दिलेले दान नसून त्याचे देणे आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ साली बीबीसीवरील रीथ व्याख्यानांत हाच विचार पुढे नेला. लोकांचा विश्वास कसा वाढवावा असे सारे विचारतात, पण आधी विचारायला हवे ते विश्वासपात्र कसे व्हावे. विश्वास मागून मिळत नाही. मागता येते ती दुसऱ्याची मान, तिचे डोलणे. भरवसा त्याचा त्यानेच द्यायचा असतो.

संत पौलाने हे फार पूर्वी ओळखले होते. यरुशलेममधील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना तो एकटा जात नाही. तीताबरोबर तो मंडळ्यांनी स्वतः निवडलेल्या एका बंधूलाही घेतो, आणि कारणही लिहून ठेवतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, आपले वागणे देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावे (२ करिंथ ८). पौल प्रेषित होता. "माझ्यावर शंका घेता?" असे तो म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही. "देवाला माहीत आहे" हे आपल्या मनाच्या शांतीला पुरेसे आहे, पण ज्याने वर्गणी दिली त्याला ते पुरेसे नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात याहून बोलके उदाहरण आहे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्या विश्वासूंनी केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यातलेच लोक वाटपावर बसवले असावेत, असे त्यावरून दिसते. तुटलेला भरवसा जोडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

या कसोटीवर आपल्या व्यवस्थेकडे पाहिले तर काही गोष्टी नीट दिसतात. २०२४ च्या मतदानादिवशी संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के. या फरकावरून मोठे वादळ उठले. आयोगाने सांगितले की पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला, तात्पुरता असतो, आणि सहाला रांगेत उभे असलेल्यांचे मतदान नंतरही चालते. निवडणूक रद्द करावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. स्पष्टीकरण पटण्यासारखे असू शकते. परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलून मतदान केंद्रातील चित्रणासारख्या गोष्टी जनतेने पाहण्यावर मर्यादा घातली गेली. कोण मतदानाला आले व कोण नाही हे त्यावरून कळून मतदारावर दडपण येऊ शकते, असे कारण सांगितले गेले, आणि त्यात तथ्य आहे. तरीही लोक दार ठोठावत असताना त्याच वेळी कडी लावली, तर आत काही नसले तरी बाहेरच्याला संशय येणारच. पोलीस पाठवून मारकडवाडीत शांतता राखता आली. भरवसा त्या गाडीतून उतरला नाही.

शंका घेणाऱ्याचे कर्तव्य

इतके सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. शंका घेण्यालाही नीती आहे, आणि ती आपण थोमाकडूनच शिकू शकतो.

प्रामाणिक शंका नेमकी असते. कोणते केंद्र, कोणता आकडा, कोणता कागद, हे ती सांगते. "सगळेच विकले गेले आहे" ही शंका नसून तो आरोप आहे, आणि तोही कोणा एकावर नव्हे तर केंद्रावर दिवसभर बसलेल्या शाळेच्या बाईंवर, तलाठ्यावर आणि शिपायावर. पुराव्याविना कोणावर बालंट घेऊ नये, ही आठवी आज्ञा त्यांच्या बाबतीतही लागू आहे.

प्रामाणिक शंका आपली अट आधी सांगते आणि ती पुरी झाल्यावर शब्द पाळते. आकडे जुळल्यावर "मग कागदच बदलले असतील" असे म्हणणारा पुरावा शोधत नसतो, त्याला आपला राग जपायचा असतो. प्रामाणिक शंका निकालाबरोबर बदलतही नाही. ज्या यंत्रावर आपला उमेदवार जिंकला त्याच्यावर पेढे वाटायचे आणि शेजारच्या मतदारसंघात त्याच यंत्राला शिव्या द्यायच्या, हा न्याय नव्हे. या एका बाबतीत मारकडवाडीच्या लोकांचे कौतुक करावेसे वाटते. उमेदवार जिंकूनही त्यांनी प्रश्न विचारला.

परंतु त्यांनी निवडलेला उपाय योग्य होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. गावातल्या गावात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, एका गटाने बोलावलेल्या फेरमतदानाला कोण गेला आणि कोण गेला नाही, एवढ्यावरूनच कोणाचे मत कोणाला हे उघड झाले असते. जो मजूर दुसऱ्याच्या शेतावर राबतो, त्याला त्या दिवशी खरे मत देता आले असते काय? येथे दोन तत्त्वे समोरासमोर येतात: मत गुप्त असावे आणि मोजणी उघड असावी. दोन्ही हवीत, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यावर पाय देऊन करता येत नाही. आपल्या मंदिरातही दोन्ही आहेत. पापनिवेदनात तुम्ही काय बोललात ते देव व धर्मगुरू यांच्यापलीकडे जात नाही, आणि जाता कामा नये. दानपेटीचा हिशेब मात्र सर्वांपुढे वाचला गेला पाहिजे. मत हे पापनिवेदनासारखे आहे, मोजणी ही दानपेटीसारखी. मोजणी झाकून ठेवणारा चुकतो, आणि मत उघडे पाडणाराही चुकतो.

ख्रिस्तसभेने इतरत्र काय केले

फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत नामफ्रेल नावाच्या नागरिकांच्या संघटनेने हजारो स्वयंसेवक केंद्रांवर बसवले. त्यांत धर्मभगिनी व युवक पुष्कळ होते. त्यांनी प्रत्येक केंद्राचे आकडे गोळा करून वेगळी बेरीज केली. सरकारी संगणकावर काम करणारे तीसेक कर्मचारी, दाखवले जाणारे आकडे खरे नाहीत म्हणून, उठून बाहेर पडले व बाक्लारान येथील चर्चमध्ये त्यांनी आश्रय घेतला. काँगोमध्ये ३० डिसेंबर २०१८ च्या मतदानाला तेथील बिशप परिषदेने सुमारे ४०,००० निरीक्षक नेमले. जाहीर निकाल आपल्या माहितीशी जुळत नाही असे बिशपांनी स्पष्ट सांगितले, आणि त्याबरोबर लोकांना हिंसेपासून दूर राहण्याची विनंतीही केली.

या दोन्ही ठिकाणी बोलण्याला वजन आले ते आवाज मोठा होता म्हणून नव्हे. माणसे केंद्रावर शेवटपर्यंत बसली आणि त्यांनी आकडे लिहून घेतले म्हणून आले. दिवसभर बसण्याची तयारी नसलेल्याने रात्री ओरडण्यात अर्थ नाही.

आपल्या हाती काय आहे

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे शेतमजुरीवर, थोड्याशा जमिनीवर वा हंगामाला ऊसतोडीवर जगतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीत जागा नाही. पुष्कळ याद्यांत आपले नाव नसते. मतदारयादीत मात्र ते आहे, आणि तेथे ते कारखान्याच्या चेअरमनच्या नावाइतकेच वजनाचे आहे. या देशात गरिबाला श्रीमंताइतके मोजले जाते अशी ही एकच जागा आहे. ती जागा खरी राहावी यात कोणापेक्षाही आपला स्वार्थ मोठा आहे. म्हणून पुढील गोष्टी आपण मनावर घ्याव्यात.

पहिली, यादी पाहा. मतदानादिवशी नाव नाही म्हणून परत यावे लागले, तर ते मशीनमुळे नव्हे. नवीन नावासाठी ६ क्रमांकाचा अर्ज असतो, दुरुस्तीसाठी व स्थलांतरासाठी ८ क्रमांकाचा. आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, वयाची अठरा वर्षे धरली जातात. घरातील मृतांची नावे काढून घेणे हेही सत्याचेच काम आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी बीएलओला गाठावे.

दुसरी, तरुणांनी केंद्रावर बसावे. उमेदवाराच्या पोलिंग एजंटला सकाळी निदान पन्नास मतांची चाचणी पाहता येते, सीलवर सही करता येते, आणि मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाच्या सहीचा १७ सी नमुना मिळतो. त्यावर त्या केंद्रात एकूण किती मते नोंदली गेली हे लिहिलेले असते. पाच वाजताच्या आकड्यावरून राज्यभर वाद झाला तेव्हा प्रत्येक केंद्राचे उत्तर या एका कागदावर होते. राज्यात एक लाखाच्या वर केंद्रे आहेत. सर्व पक्षांचे एजंट शेवटपर्यंत बसले, कागद घेतले आणि जपले, तर कोणालाही आकडा वाढवणे अवघड, आणि कोणालाही खोटा आरोप करणेही अवघड. आपला मुलगा कोणत्या पक्षाचा एजंट व्हावा हे आम्ही सांगणार नाही. पण झाला तर दुपारी जेवायला म्हणून उठून परत न येणारा होऊ नये.

तिसरी, वाट पाहायला शिका. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचे मतदान झाले आणि न्यायालयाच्या आदेशाने मोजणी २१ तारखेला गेली. स्थानिक निवडणुकीच्या त्या यंत्रांना काचेमागची चिठ्ठीही नव्हती. एवढे दिवस यंत्रे गोदामांत राहिली, आणि अनेक ठिकाणी कार्यकर्त्यांनी थंडीत बाहेर पहारा दिला. काहींना ते हास्यास्पद वाटले. आम्हांस वाटते, आरोळीपेक्षा तो पहारा चांगला.

चौथी, मत विकू नका. मोजणी कितीही चोख असली तरी विकलेले मत मोजून सत्य निघत नाही. मशीनमध्ये कोणी हात घातला काय हे आपल्याला दिसत नाही, पण आपल्या खिशात कोणाचा हात गेला हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

पाचवी आणि शेवटची, निकालानंतर एकमेकांना सोडू नका. निवडणूक ही खरे तर हरणाऱ्यासाठी असते. जिंकणाऱ्याला पुराव्याची गरज कधीच पडत नाही. "मी हरलो, पण नीट मोजून हरलो" असे ज्याला म्हणता येते, तोच दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायला जातो. म्हणून जिंकलेल्यांनी गुलाल उधळताना हरलेल्याच्या दारावरून मिरवणूक नेऊ नये, आणि त्याने हिशेब विचारला तर हसू नये. थोमा आठ दिवस शंका घेऊन बसला, आणि ते आठ दिवस तो त्याच घरात जेवला. दहा जणांनी त्याला बाहेर काढले असते, तर प्रभू आला तेव्हा तो तेथे नसता.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आंधळा भरवसा ठेवणे हे आपले कर्तव्य नाही. भरवसा ठेवता येईल अशी व्यवस्था मागणे, ती टिकवण्यासाठी आपला दिवस खर्च करणे, आणि ती खरी ठरली तर हरूनही तसे कबूल करणे, हे कर्तव्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सर्वांच्या हितासाठी मोकळेपणाने मत देणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य असल्याची आठवण करून दिली, ती याच अर्थाने आपण घ्यावी.

यादीत नाव पाहण्यास किंवा अर्ज भरण्यास ज्यांना मदत हवी असेल, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर युवकांना भेटावे. शाळा शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आजी-आजोबांचे नाव आधी पाहावे, मग स्वतःचे.

प्रभू आपणा सर्वांना सत्य विचारण्याचे धैर्य आणि सत्य स्वीकारण्याची नम्रता देवो.

आपले धर्मगुरू